तीच गाडी, तीच तक्रार, पुन्हा सर्व्हिस सेंटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी दिली, बिल भरलं आणि आठवड्याच्या आत तोच दिवा, तोच आवाज, तोच धक्का परत आला, असं सांगणारे लोक ग्राहक मार्गदर्शनाच्या कामात सतत भेटतात. राग अगदी रास्त असतो. कर्ज काढून घेतलेली दहा-बारा लाखांची गाडी महिन्यातून दोनदा वर्कशॉपला सोडायची, रिक्षाने ऑफिस गाठायचं आणि वर "सर, आमच्याकडे तर काही प्रॉब्लेम दिसला नाही" हे ऐकून घ्यायचं, याने कुणाचंही डोकं फिरेल. पण यातल्या बहुतेकांच्या हातात आपल्या त्रासाचा एकही धड कागद नसतो, आणि पुढे सगळं तिथेच अडतं. म्हणून खालच्या उत्तरांत कागदांबद्दल जरा जास्तच लिहिलं आहे.

प्रश्न: दरवेळी "काम झालं" म्हणतात आणि तक्रार परत येते. असं का होतं?

बहुतेक वेळा दुरुस्ती झालेली असते, निदान झालेलं नसतं. तुमचं ऐकून घेणारा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर गाडीला हात लावत नाही. तो ऐकतो, एका ओळीत टाइप करतो, आणि ती ओळ वाचून आत कुणीतरी तंत्रज्ञ काम करतो. त्या तंत्रज्ञाशी तुमची गाठही पडत नाही. संध्याकाळपर्यंत ठरावीक गाड्या बाहेर काढायच्या असतात. सर्व्हिसिंगच्या गाडीला किती वेळ लागतो हे ठरलेलं असतं. अधूनमधून येणाऱ्या बिघाडाला किती वेळ लागेल हे कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे अशी गाडी कुणालाच नको असते.

मग सोपा मार्ग निघतो. स्कॅनर लावायचा, गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसायचा, इंजिनचा दिवा विझला की गाडी धुऊन परत द्यायची. कोड पुसल्याने बिघाड जात नाही. गाडीचा संगणक स्वतःच्या चाचण्या पुन्हा पूर्ण करेपर्यंत दिवा बंद राहतो, एवढंच. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर तो परत लागला, तर मूळ कारणाला कुणी हात लावलेला नाही असं समजा.

दुसरा मार्ग अंदाजाने पार्ट बदलण्याचा. सेन्सर बदलला, नाही जमलं, वायरिंग बदललं, नाही जमलं, आता ईसीएम (इंजिनचा संगणक) बदलू. वॉरंटी असेल तर तुमचे दिवस जातात, नसेल तर दिवस आणि पैसे दोन्ही.

प्रश्न: जॉब कार्डवर नेमकं काय लिहून घ्यायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा. जॉब कार्ड म्हणजे गाडी देताना तुमच्या तक्रारी नोंदवलेला सर्व्हिस सेंटरचा कागद.

तुम्ही काउंटरवर सांगता, "दुपारी सिग्नलला गाडी उभी असली की एसीतून गरम हवा येते, चालू लागली की पुन्हा थंड होतं." अ‍ॅडव्हायझर टाइप करतो, "एसी चेकअप". या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं वाक्य वाचून जाणकार माणूस थेट कंडेन्सरच्या पंख्याकडे जाईल. दुसरं वाचून फिल्टर साफ होईल. आणि वर्षभराने तुम्ही ग्राहक आयोगासमोर उभे राहिलात तर समोरचे वकील म्हणतील, ग्राहकाने कधी विशिष्ट तक्रार केलीच नाही, नेहमीचा चेकअप करून घेतला.

म्हणून तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. काय होतं, कधी होतं (इंजिन गार असताना की तापल्यावर), किती वेगाला, कुठल्या गिअरमध्ये, पावसात की कोरड्यात, चढावर की सपाटीवर. पुढे हे वाक्य जोडायला लावा: "हीच तक्रार आधीच्या अमुक तारखेच्या जॉब कार्डवर नोंदवली होती, ती दूर झालेली नाही." सगळं वजन या वाक्यात आहे. सर्व्हिस सेंटरच्या दृष्टीने तुमची प्रत्येक खेप नवी असते. त्या खेपा एका दोरीत ओवण्याचं काम कुणी तुमच्यासाठी करणार नाही.

"सिस्टीममध्ये एवढी जागा नाही" असं सांगितलं तर एका साध्या कागदावर लिहा, गाडीचा नंबर, किलोमीटर आणि तारीख टाका, एका प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर त्यांच्या काउंटरवर उभ्या-उभ्याच तो मजकूर ई-मेल करा. फोनवर बोललेलं धरू नका. फोनवर काही ठरलं असेल तर "आत्ता आपलं बोलणं झालं त्यानुसार" असं लिहून मेल टाका.

गाडी परत घेताना बिल घ्याच, शून्य रुपयांचं असलं तरी. वॉरंटीत फुकट झालेल्या कामाचं बिल लोक मागत नाहीत आणि नेमका तोच पुरावा हरवतो. मागितलेलं बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बदललेला पार्ट पाहायला मागा. वॉरंटीतला जुना पार्ट कंपनीकडे परत जातो, म्हणून तो हातात मिळणार नाही, पण पार्ट नंबर दिसेल असा फोटो काढता येतो. आणि वर्षातून एकदा गाडीची पूर्ण सर्व्हिस हिस्टरी छापून मागा. त्यांच्या संगणकात तुमची गाडी किती वेळा आली आणि दरवेळी काय लिहिलं गेलं, ते तिथे दिसतं.

प्रश्न: आवाज मला रोज येतो, पण त्यांनी ट्रायल घेतली की येत नाही.

वर्कशॉपची ट्रायल म्हणजे बहुधा समोरच्या रस्त्यावरून एक चक्कर. तुमचा आवाज वीस किलोमीटरनंतर, सस्पेन्शन तापल्यावर, खराब रस्त्यावर येत असेल तर त्या चकरेत तो सापडणारच नाही. फ्लोअर इन्चार्ज किंवा वर्क्स मॅनेजरला सोबत घेऊन तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर ट्रायल मागा आणि गाडी तुम्ही चालवा. रात्रभर उभी राहिल्यावरच आवाज येत असेल तर आदल्या संध्याकाळी गाडी तिथे सोडा आणि सकाळचा पहिला स्टार्ट तुमच्यासमोर मारायला सांगा. डॅशबोर्डवरचे किलोमीटर दिसतील असा व्हिडिओ जवळ असू द्या. तरीही "आढळलं नाही" म्हणाले तर तेच शब्द जॉब कार्डवर लिहून घ्या. नकाराची नोंदसुद्धा उपयोगी पडते.

प्रश्न: एसीचा गॅस दर उन्हाळ्यात भरावा लागतो. हे नॉर्मल आहे का?

नाही. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद पाइपांत फिरत राहतो. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, पण एका वर्षात गाडी रिकामी होत असेल तर गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे तुमचे पैसे हवेत सोडणं.

बॉनेट उघडा. बहुतेक गाड्यांत आतल्या बाजूला एक स्टिकर असतो आणि त्यावर किती ग्रॅम गॅस लागतो ते छापलेलं असतं. सर्व्हिस सेंटरचं यंत्र आधी जुना गॅस ओढून घेतं आणि किती निघाला ते पडद्यावर दाखवतं. तो आकडा बिलावर लिहून मागा. साडेचारशेच्या जागी दीडशे ग्रॅम निघाला असेल तर "गॅस जुना झाला होता" हे उत्तर तिथेच निकालात निघतं.

मग गळती कुठे आहे हे शोधायला लावा. नायट्रोजनचा दाब भरून तो टिकतो का पाहणं, रंगद्रव्य टाकून अतिनील दिव्याखाली तपासणं, इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर फिरवणं, असे मार्ग आहेत. समोरचा कंडेन्सर दगड लागून फुटतो, तो पटकन सापडतो. डॅशबोर्डच्या आतला इव्हॅपोरेटर गळत असेल तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, दिवस मोडतो आणि नंतर प्लास्टिकचे आवाज येण्याची शक्यता असते. म्हणून वर्कशॉप ते टाळतात. निव्वळ गॅस भरून तीन उन्हाळे काढले की वॉरंटीही निघून जाते. पहिल्याच वर्षी हट्ट धरा.

प्रश्न: बीएस-६ डिझेल गाडी आहे. डीपीएफचा दिवा सारखा लागतो. ते म्हणतात तुमची चालवण्याची पद्धत चुकीची.

हे कधी खरं असतं, कधी निव्वळ पळवाट. डीपीएफ ही धुरातली काजळी अडवणारी जाळी आहे. ती भरली की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून धूर तापवतं आणि काजळी जाळतं. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. घर हडपसर, ऑफिस मगरपट्टा आणि मध्ये नुसते सिग्नल, अशी गाडी असेल तर जाळी साफ व्हायला वावच मिळत नाही. अशांनी आठवड्यातून एकदा सातारा रोडला मोकळी धाव द्यावी, हा सल्ला योग्य आहे. पण तो गाडी विकताना द्यायला हवा होता. रोजचं येणं-जाणं सात किलोमीटर आहे हे माहीत असूनही डिझेल गळ्यात मारलं असेल आणि तसा मेल किंवा मेसेज तुमच्याकडे असेल, तर तो जपून ठेवा.

आता दुसरी बाजू. तुम्ही दर आठवड्याला एक्सप्रेसवेने मुंबईला जाता आणि तरी दिवा लागतो, तर चालवण्याच्या पद्धतीला दोष देता येणार नाही. जाळीच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणारा सेन्सर, त्याच्या नळ्या, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात नेणारी यंत्रणा), गळका इंजेक्टर, टर्बोची फुटकी नळी, यांपैकी काहीतरी आहे. स्कॅनवर पी२४६३ सारखा कोड दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की काजळी जास्त साठली. ती का साठली हे कोड सांगत नाही. स्कॅनची छापील प्रत मागा, कोड कुठल्या वेगाला आणि तापमानाला नोंदला गेला ती माहितीही मागा.

एक गोष्ट स्वतः करा. सकाळी गाडी सपाट जागी असताना डिपस्टिक काढून ऑइलची पातळी पाहा. काजळी जाळण्याचा प्रयत्न वारंवार अर्धवट राहिला तर जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी चढते. ऑइल वाढताना दिसलं तर फोटो काढा, गाडी चालवत राहू नका, लगेच लेखी कळवा. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवणं धोक्याचं आहे, आणि इंजिन बसल्यावर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील.

प्रश्न: वॉरंटी पुढच्या महिन्यात संपते. तोवर ढकलत आहेत असं वाटतं.

संपण्यापूर्वी जॉब कार्ड उघडा आणि वरच्या पद्धतीने तक्रार नोंदवा. सोबत कंपनीला मेल टाका: ही तक्रार वॉरंटीत पहिल्यांदा अमुक तारखेला दिली, ती प्रलंबित आहे, ती दूर होईपर्यंत दुरुस्ती विनामूल्य अपेक्षित आहे. वॉरंटीच्या काळात नोंदलेला आणि न सुटलेला दोष मुदत संपली म्हणून तुमच्या माथी मारणं टिकणारं नाही. मात्र नोंद नसेल तर वाद कठीण होतो.

प्रश्न: बाहेरच्या गॅरेजला दाखवलं म्हणून वॉरंटी रद्द, असं म्हणतात. खरं का?

नुसतं दाखवल्याने वॉरंटी जात नाही. बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला असेल तर त्या भागापुरता प्रश्न येऊ शकतो. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती अधिकृत साखळीतच अडकवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कार कंपन्यांना दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजमध्ये सेवा घेतली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असंही त्या आदेशात होतं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. तरी व्यवहारात माझा सल्ला असा: बाहेर निदान जरूर करून घ्या, त्याचा लेखी अभिप्राय घ्या, पण वॉरंटीतली गाडी बाहेर उघडू देऊ नका. आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरून बसवलेल्या, हेडलाइट किंवा म्युझिक सिस्टीमसाठी वायर कापलेली असेल तर विजेच्या प्रत्येक तक्रारीत तेच बोट दाखवलं जाईल.

प्रश्न: "समाधानी आहे" अशी सही केल्याशिवाय गाडी सोडत नाहीत.

सही करा, पण तिच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: "तक्रार दूर झाल्याची खात्री झालेली नाही, वापरून पाहून कळवीन." टॅबवर सही घेत असतील तर गेटबाहेर पडल्यावर लगेच तेच मेल करा. नंतर फीडबॅकचा फोन येतो आणि अ‍ॅडव्हायझर आधीच विनवतो, "सर, प्लीज दहापैकी दहा द्या." त्या मुलाची नोकरी त्या आकड्यावर असते हे खरं, आणि त्याच्याबद्दल वाईटही वाटतं. पण बिघाड कायम असताना दहा दिलेत तर कंपनीच्या नोंदीत तुमची तक्रार सुटलेली असते. खरं तेच सांगा.

प्रश्न: तक्रार डीलरविरुद्ध करायची की कंपनीविरुद्ध?

दोघांविरुद्ध, आणि प्रत्येकाचं काय चुकलं ते वेगवेगळं लिहून. डीलर आणि उत्पादक ही कायद्याने वेगळी माणसं आहेत. गोव्यातल्या एका ग्राहकाला डीलरने जुन्या मॉडेलची, आधी वापरलेली गाडी नवी म्हणून दिली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उत्पादक टाटा मोटर्सला जबाबदारीतून मोकळं केलं, कारण डीलरच्या त्या कृत्याची उत्पादकाला माहिती होती असं दाखवता आलं नव्हतं. यातून घ्यायचं ते हे की कंपनीला वेळोवेळी लेखी कळवत राहा. तीन मेल गेलेले असले की "आम्हाला माहीतच नव्हतं" हा बचाव उरत नाही.

क्रम साधारण असा: सर्व्हिस मॅनेजर, मग डीलरशिपचा जनरल मॅनेजर, मग कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र आणि विभागीय सर्व्हिस अधिकारी. कंपनीच्या फील्ड इंजिनिअरने गाडी स्वतः तपासावी अशी स्पष्ट मागणी करा. डीलर स्वतःहून त्याला बोलवायला बिचकतो, पण बिघाड सुटतो तो बऱ्याचदा त्याच पायरीवर. दुसऱ्या डीलरकडे गाडी दाखवायचा पर्यायही विसरू नका. वॉरंटी कंपनीची असते, एका वर्कशॉपची नाही.

प्रश्न: गाडी बदलून किंवा पैसे परत मिळतील का?

मिळू शकतात, पण सहज नाही, आणि इथे खोटी आशा देणं मला पटत नाही. अमेरिकेतल्या राज्यांत ठरावीक प्रयत्नांत दुरुस्ती न झाल्यास गाडी परत घ्यायला लावणारे खास कायदे आहेत. भारतात तसा स्वतंत्र कायदा नाही. ग्राहक संरक्षण कायद्याखाली आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, किंमत परत करायला किंवा नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतो. यातलं काय द्यायचं हे पुराव्यावर ठरतं.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला, कारण वॉरंटीत बंधन सदोष भाग बदलण्यापुरतं होतं. दुसरीकडे, हैदराबादच्या एका कंपनीने २००९ मध्ये घेतलेल्या बीएमडब्ल्यूत काही दिवसांतच दोष निघाला. वाद फौजदारी मार्गाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जुलै २०२४ मध्ये उत्पादकाला ५० लाख रुपये द्यायला सांगून मिटला. पंधरा वर्षं लागली.

म्हणून मागण्या पर्यायी ठेवा: गाडी बदला किंवा किंमत परत द्या, ते शक्य नसेल तर दोष कायमचा दूर करा, वॉरंटी वाढवून द्या आणि त्रासाची, प्रवासखर्चाची भरपाई द्या.

प्रश्न: मूळ उत्पादनातला दोष आहे हे सिद्ध कसं करायचं?

जॉब कार्डांची चळत हा सुरुवातीचा पुरावा. त्यापुढे बहुधा तज्ज्ञाचं मत लागतं. परवानाधारक सर्व्हेअर किंवा ऑटोमोबाइल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांचा अहवाल जोडता येतो. शिवाय योग्य प्रयोगशाळेकडून तपासणी करण्याचे अधिकार कलम ३८ ने आयोगाला दिलेले आहेत. तसा अर्ज सुरुवातीलाच करा. गाडी त्याआधी विकू नका आणि संशयित भाग बदलू नका.

प्रश्न: ग्राहक आयोगात जायला वकील लागतो का? खर्च किती?

वकील सक्तीचा नाही. तुम्ही स्वतः, मराठीत, तक्रार मांडू शकता. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली गाडी जिल्हा आयोगाकडे जाते. पाच लाखांपर्यंत फी नाही, दहापर्यंत २०० रुपये, वीसपर्यंत ४००, पन्नासपर्यंत १०००. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. गाडी मुंबईत घेतली आणि बदली नागपूरला झाली तर नागपूरला करा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, ती चुकवू नका. आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस डीलर आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टाने पाठवा.

कायद्यात तीन महिन्यांचं, तपासणी लागल्यास पाच महिन्यांचं उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात याहून बराच जास्त वेळ लागतो हे धरून चाला. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, नोंद करा. ती बंधनकारक निर्णय देत नाही, पण कंपनीच्या वरच्या कार्यालयापर्यंत विषय पोचतो आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचं मार्गदर्शनही घ्या.

प्रश्न: माझ्यासारखीच तक्रार त्या मॉडेलच्या अनेकांची आहे.

मग ती केंद्र सरकारच्या वाहन रिकॉल पोर्टलवर नोंदवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ खाली सुरक्षेला धोका असलेल्या दोषासाठी सरकार गाड्या परत बोलवायला लावू शकतं. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत आणि ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी आहेत. ब्रेक, स्टिअरिंग, चालता-चालता इंजिन बंद पडणं, अशा तक्रारी तर नक्कीच टाका. म्युझिक सिस्टीमच्या तक्रारीने तिथे काही होणार नाही.

प्रश्न: वैतागून कर्जाचे हप्ते थांबवू का?

अजिबात नको. बँकेचा करार वेगळा आहे. तुमचा क्रेडिट स्कोअर बिघडेल आणि गाडी ओढून नेली तर पुरावाच हातचा जाईल.

प्रश्न: सोशल मीडियावर टाकू का?

टाका, पण तारखा, जॉब कार्ड आणि घडलेलं तेवढंच. शिव्या, "चोर", "फ्रॉड" असे शब्द आणि कर्मचाऱ्यांची नावं-फोटो नकोत.

प्रश्न: टॅक्सीची गाडी आहे. मी ग्राहक ठरतो का?

स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वरोजगार म्हणून घेतलेली गाडी असेल तर होय. धंद्यासाठी दहा गाड्यांचा ताफा असेल तर अडचण येईल.

प्रश्न: निकाल माझ्या बाजूने लागला, पण ते पैसे देत नाहीत.

आधी पाहा अपील झालंय का. जिल्हा आयोगाच्या आदेशावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं, आणि पैसे देण्याचा आदेश असेल तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपील नसेल आणि मुदत उलटली असेल तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अर्जासोबत आदेशाची प्रमाणित प्रत आणि ती समोरच्याला मिळाल्याची पोस्टाची पोच जोडा. ही पोच नसली की पहिली तारीख फुकट जाते.